व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स आणि पॉवर कशी काढायची? मोबाईल चार्जरपासून पेणच्या गणपती कारखान्यापर्यंत



मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असतानाची गोष्ट आहे. पेणजवळ हमरापूर भागात माझ्या काकांचा गणपतीचा कारखाना आहे. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि मूर्ती काही केल्या सुकेनात. मग एका एक्स्टेन्शन बोर्डवर दोन हॅलोजन आणि तीन स्टँडचे पंखे लावून आम्ही झोपायला गेलो. पहाटे जळका वास आला. बोर्डचा प्लग काळा पडून सॉकेटला चिकटला होता. शेजारीच पॅकिंगचा पेंढा पडला होता. थोडक्यात वाचलो.

काकांनी मला एकच प्रश्न विचारला: "एमसीबी पडली नाही, म्हणजे लोड जास्त नव्हता. मग प्लग जळला कसा? तू इंजिनिअर होतोयस ना, सांग."

मला तेव्हा सांगता आलं नाही. दहावीत पाठ केलेली दोन सूत्रं होती, पण ती परीक्षेपुरती. या लेखात तीच दोन सूत्रं बघू. आणि शेवटपर्यंत वाचलंत तर काकांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतः द्याल.

चार शब्द आधी समजून घेऊ

व्होल्टेज: वीज ढकलणारा दाब. पुस्तकात याला विभवांतर म्हणतात. एकक व्होल्ट. आपल्या घरात साधारण २३० व्होल्ट.

करंट: वायरमधून प्रत्यक्ष किती वीज वाहते ते. पुस्तकातला शब्द विद्युतधारा. एकक अँपिअर.

रेझिस्टन्स: वाहण्याला होणारा अडथळा, म्हणजे रोध. एकक ओहम.

पॉवर: दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते ते. एकक वॉट.

रोहा तालुक्यातल्या वाचकांना हे सगळं कुंडलिका नदीवरून लगेच समजेल. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, आणि वीज तयार करून झाली की तेच पाणी कुंडलिकेत सोडतात. कोलाडचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. इथे उंची म्हणजे व्होल्टेज, आणि पाइपमधून दर सेकंदाला येणारं पाणी म्हणजे करंट. नुसती उंची असून पाणी नसेल तर टर्बाइन फिरणार नाही. पाणी भरपूर पण उंचीच नसेल तरी तेच. पॉवर मिळते ती दोघांच्या गुणाकारातून. विजेचंही अगदी तसंच आहे.

सूत्रं: दोनच लक्षात ठेवा

१. रेझिस्टन्स = व्होल्टेज ÷ करंट
२. पॉवर = व्होल्टेज × करंट

पहिलं सूत्र जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांच्या नियमातून येतं. त्यांनी तो १८२७ मध्ये पुस्तकात मांडला. योगायोग बघा, भिऱ्याचं वीजकेंद्र बरोबर १०० वर्षांनी, १९२७ मध्ये सुरू झालं.

या दोन सूत्रांची सरमिसळ केली की आणखी दोन मिळतात:

३. पॉवर = करंट × करंट × रेझिस्टन्स
४. पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रेझिस्टन्स

पाठ करायची गरज नाही. पहिल्यातून व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स होतं, ते दुसऱ्यात घातलं की तिसरं तयार. पण तिसऱ्याकडे नीट लक्ष द्या. प्लग का जळला, याचं उत्तर त्यातच आहे.

उदाहरण १: गिझर

गिझरवर लिहिलंय: २००० वॉट, २३० व्होल्ट.

करंट = २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर
रेझिस्टन्स = २३० ÷ ८.७ = साधारण २६.४ ओहम

आता १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब घ्या. करंट ०.४३५ अँपिअर, म्हणजे रेझिस्टन्स सुमारे ५२९ ओहम.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. वाटतं की मोठं उपकरण म्हणजे मोठा रेझिस्टन्स. प्रत्यक्षात उलटं आहे. व्होल्टेज तेच असताना ज्याचा रेझिस्टन्स कमी, ते जास्त करंट ओढतं, म्हणून जास्त वॉटचं.

एक टीप: हा बल्ब काढून मल्टीमीटरने मोजलात तर ५२९ ओहम दिसणार नाही, त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी दिसेल. मीटर बिघडलेला नाही. बल्बमधली तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स कमी असतो, आणि पेटून लालबुंद झाली की वाढतो. आपण काढलेलं उत्तर चालू बल्बचं आहे.

संध्याकाळी व्होल्टेज पडलं की काय होतं?

गावात लाइनच्या शेवटच्या घरांना हा अनुभव असतो. समजा २३० चं १९० व्होल्ट झालं. गिझरच्या कॉइलचा रेझिस्टन्स जवळपास तोच राहतो, २६.४५ ओहम. चौथं सूत्र लावा:

पॉवर = १९० × १९० ÷ २६.४५ = सुमारे १३६५ वॉट

व्होल्टेज कमी झालं साधारण १७ टक्के, पण पॉवर घटली ३२ टक्के. म्हणून पाणी तापायला जवळजवळ दीडपट वेळ लागतो.

मोबाईल चार्जर मात्र असा वागत नाही. त्यावर "इनपुट १०० ते २४० व्होल्ट" लिहिलेलं असतं. त्याच्या आतलं सर्किट व्होल्टेज पडलं तर जास्त करंट ओढून पॉवर तेवढीच ठेवतं. म्हणजे चार्जर, एलईडी बल्ब, टीव्ही यांना एकच ठरलेला रेझिस्टन्स नसतो. त्यांच्यासाठी पॉवर = व्होल्टेज × करंट हे सूत्र वापरा. "रेझिस्टन्स कायम आहे" असं धरून चालायचं ते फक्त गिझर, इस्त्री, शेगडी, हीटर अशा कॉइलवाल्या वस्तूंसाठी.

पंखा आणि पंपासारख्या मोटारींना पॉवर फॅक्टर नावाची आणखी एक भानगड असते. त्यामुळे त्यांचा खरा करंट आपल्या हिशेबापेक्षा थोडा जास्त निघतो. घरगुती अंदाजाला मात्र आपला हिशेब पुरतो.

उदाहरण २: तुमचा फास्ट चार्जर

आता चार्जर हातात घ्या आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. "आउटपुट" पुढे साधारण असं काही असेल:

५ व्होल्ट, २ अँपिअर = १० वॉट
९ व्होल्ट, २ अँपिअर = १८ वॉट

दुसऱ्या ओळीत करंट तोच, २ अँपिअर. वाढलंय ते व्होल्टेज. मग १८ वॉट हवे होते तर ५ व्होल्टवरच ३.६ अँपिअर का नाही दिले? कारण मध्ये केबल आहे.

समजा केबलच्या जाण्या-येण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रेझिस्टन्स ०.२ ओहम आहे. तिसरं सूत्र लावू:

५ व्होल्टवर: ३.६ × ३.६ × ०.२ = सुमारे २.६ वॉट केबलमध्येच वाया
९ व्होल्टवर: २ × २ × ०.२ = ०.८ वॉट वाया

पॉवर तेवढीच, केबल तीच, पण नुकसान तिपटीहून कमी. वायर तापते ती करंटमुळे, आणि तीही करंटच्या वर्गाच्या हिशेबाने. करंट दुप्पट झाला की वायर चौपट तापते. ही गोष्ट इंग्लंडच्या जेम्स ज्यूलने १८४० च्या सुमारास प्रयोग करून दाखवली.

स्वस्तातल्या लांब केबलने फोन हळू का चार्ज होतो, तेही यातच आलं. तिच्यात तांब्याची तार बारीक असते, रेझिस्टन्स जास्त, त्यामुळे फोनपर्यंत पोचेतो व्होल्टेज पडतं.

हेच गणित डोंगरावरच्या टॉवरमध्ये

टाटांच्या भिरा, भिवपुरी, खोपोली या केंद्रांतली वीज मुंबईकडे १,१०,००० व्होल्टच्या लाइनने जाते. एवढं व्होल्टेज कशाला?

समजा १०० मेगावॉट, म्हणजे १०,००,००,००० वॉट पाठवायचे आहेत.

१,१०,००० व्होल्टवर करंट = सुमारे ९०९ अँपिअर
२३० व्होल्टवर करंट = सुमारे ४,३५,००० अँपिअर

दुसऱ्या बाबतीत करंट ४७८ पट. म्हणजे त्याच तारेत वाया जाणारी उष्णता ४७८ × ४७८, जवळजवळ २ लाख २९ हजार पट! अशी तार अस्तित्वातच येऊ शकत नाही. (खरी लाइन थ्री-फेज असते, त्यामुळे तिचे आकडे थोडे वेगळे येतात. पण मुद्दा तोच.)

पेण-रोहा लाइनवरून गाडीने जाताना वर बघा. रेल्वेच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. रोह्याला मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते, आणि तिच्या सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. ६,००० अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे सुमारे ४४,७६,००० वॉट. भागिले २५,०००, उत्तर साधारण १८० अँपिअर. एवढी लांबलचक गाडी ओढायला लागणारा करंट आपल्या घरातल्या वीसेक गिझरइतकाच! सगळी कमाल व्होल्टेजची.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर

त्या रात्रीचा लोड मांडू:

हॅलोजन २ × १००० = २००० वॉट
पंखे ३ × १०० = ३०० वॉट
एकूण २३०० वॉट

करंट = २३०० ÷ २३० = १० अँपिअर

एमसीबी होती १६ अँपिअरची. १० हे १६ पेक्षा कमी, म्हणून ती पडली नाही. तिचं काही चुकलं नाही, कारण ती भिंतीतल्या वायरिंगला वाचवण्यासाठी बसवलेली असते. पण एक्स्टेन्शन बोर्डचा प्लग होता ६ अँपिअरचा. या दोन आकड्यांच्या मधली जागा, ६ ते १६ अँपिअर, तिथे कुणाचाच पहारा नव्हता.

आता उष्णता कुठे झाली ते बघू. बोर्डची वायर १० मीटर, ०.७५ स्क्वेअर एमएमची. जाण्या-येण्याची मिळून २० मीटर तार, रेझिस्टन्स साधारण ०.५ ओहम.

वायरमधली उष्णता = १० × १० × ०.५ = ५० वॉट

५० वॉट १० मीटरवर पसरले तर वायर फक्त कोमट लागते. पण तीच वायर गुंडाळी करून ठेवली असेल तर उष्णता बाहेर पडत नाही आणि आतली वेटोळी वितळू शकतात.

खरी गडबड प्लगमध्ये होती. पिन सॉकेटमध्ये सैल बसली होती. सैल जोडावर ०.३ ओहम इतका जरी रेझिस्टन्स तयार झाला, तरी:

१० × १० × ०.३ = ३० वॉट

मोबाईल रिपेअरच्या दुकानातलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं आणि ते धातू वितळवतं. इथे त्याहून जास्त उष्णता नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत, रात्रभर.

आणि कळलं का नाही? कारण त्या जोडावर व्होल्टेज पडलं फक्त १० × ०.३ = ३ व्होल्ट. हॅलोजनला २३० ऐवजी २२७ मिळाले, फारतर वायरमधले आणखी ५ कमी धरा. एवढ्या फरकाने उजेड कमी झालेला डोळ्यांना दिसत नाही. सगळं व्यवस्थित चाललंय असंच वाटतं, आणि प्लग आतून जळत असतो.

लोड निम्मा केला असता तर? ५ × ५ × ०.३ = ७.५ वॉट. निम्म्या करंटला पाव उष्णता. दोन हॅलोजन दोन वेगळ्या पॉइंटवर लावले असते तर एवढ्यावरच भागलं असतं.

हे दोन आकडे मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा

६ अँपिअर सॉकेट (छोटं): ६ × २३० = १३८० वॉटपर्यंत
१६ अँपिअर सॉकेट (मोठं): १६ × २३० = ३६८० वॉटपर्यंत

एका बोर्डवर लावलेल्या सगळ्या वस्तूंच्या वॉटची बेरीज करा. १३८० च्या जवळ आली तरी थांबा. इस्त्री आणि इंडक्शन शेगडी एका छोट्या बोर्डवर कधीच नाही.

मीटर नसताना पॉवर कशी मोजायची?

उघड्या वायरला किंवा चालू सॉकेटला मल्टीमीटर लावायच्या फंदात पडू नका. महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून एकच उपकरण चालू ठेवा आणि मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. सुरुवात एका लुकलुकीला शून्य धरून करा. पुढच्या १० लुकलुकींना १५ सेकंद लागले तर:

पॉवर = ३६,००,००० × १० ÷ (३२०० × १५) = ७५० वॉट

३६,००,००० कुठून आलं? १ युनिट म्हणजे १००० वॉट एक तास, आणि तासात ३६०० सेकंद. १००० × ३६००.

बिलाचा हिशेबही यातूनच निघतो. २००० वॉटचा गिझर अर्धा तास म्हणजे १ युनिट. काकांचे २३०० वॉट रात्री ८ तास म्हणजे १८.४ युनिट.

पॉवर बँकचं गणित

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्यानंतर कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी पॉवर बँक किती पुरेल, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पॉवर बँकवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, म्हणजे १० अँपिअर-तास. आतल्या सेलचं व्होल्टेज ३.७. गुणाकार ३७ वॉट-तास. ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची. भागाकार केला तर दोनदा चार्ज व्हायला हवा. पण व्होल्टेज वाढवताना १५ टक्के वाया गेले असं धरा, उरले ३१. म्हणजे फोन साधारण दीड वेळा चार्ज होईल. पॉवर बँक फसवी नाही, हिशेब एमएएचमध्ये न करता वॉट-तासात करायचा असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जास्त अँपिअरचा चार्जर लावला तर फोन खराब होतो का?
नाही. चार्जरवरचे अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. किती घ्यायचं हे फोन ठरवतो. व्होल्टेज मात्र फोनला मानवणारंच हवं. फास्ट चार्जर फोनशी बोलणं झाल्यावरच ५ वरून ९ व्होल्टवर जातो.

शॉक लागतो तो व्होल्टेजमुळे की करंटमुळे?
इजा करतो करंट, पण त्याला ढकलतं व्होल्टेज. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स १००० ओहम धरला तर २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलीअँपिअर. एवढा करंट जीव घेऊ शकतो. १६ अँपिअरची एमसीबी याला पडणारच नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर काम चालतं अशा प्रत्येक ठिकाणी ती हवीच.

जाड वायर घेतली तर फायदा होतो का?
हो. तीच २० मीटर तार २.५ स्क्वेअर एमएमची असेल तर रेझिस्टन्स साधारण ०.१६ ओहम. १० अँपिअरला ५० ऐवजी १६ वॉट उष्णता. पण प्लग सैल असेल तर जाड वायरसुद्धा वाचवणार नाही.

शेवटी

काकांच्या कारखान्यात आता हॅलोजनसाठी १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट आहेत, वायर २.५ ची आहे आणि आरसीसीबी बसवली आहे. काकांनी स्वतःची एक पद्धतही लावून घेतली आहे. हॅलोजन लावल्यावर अर्ध्या तासाने मेन बंद करायचा आणि प्रत्येक प्लगला हात लावून बघायचा. गरम लागला तर तो प्लग त्याच दिवशी बदलायचा. सूत्र त्यांना पाठ नाही, पण तिसऱ्या सूत्राचा अर्थ त्यांना माझ्याआधी कळला, असं मला वाटतं.

तुम्ही आज एवढंच करा: घरातला सगळ्यात भरलेला एक्स्टेन्शन बोर्ड शोधा, त्यावरच्या वस्तूंचे वॉट एका कागदावर लिहा, बेरीज करा आणि २३० ने भागा. उत्तर ६ पेक्षा जास्त आलं तर एक वस्तू आत्ताच दुसरीकडे लावा.